मनगटावरचं नाव

सकाळी कुंदाच्या मनगटपट्टीवर आजाराचं नाव बदललेलं होतं. काल ‘रक्तविकार’, आज ‘रक्ताचा कर्करोग’. रक्त मात्र कालचंच. जगभरच्या आजारांची वर्गवारी करणारं यंत्र असं अधूनमधून आपलं मत बदलायचं.

आंघोळीनंतर तिच्या अंगाला खाज सुटायची, हातपाय गळून जायचे. सासूबाई म्हणायच्या, “कामं टाळायची थेरं ही.” आज पट्टी वाचून त्यांनीच पोळपाट ओढून घेतला. “तू पडून राहा गं.”

कितीतरी वर्षांनी कुंदा दुपारी निवांत झोपली. जाग आली तेव्हा पट्टीवर पुन्हा ‘रक्तविकार’ उमटलं होतं.

“चहा टाकू का गं?” सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“टाका ना, आई,” कुंदा म्हणाली आणि तिने पदर मनगटावर ओढून घेतला.