स्कूटरखालची रेघ

स्कूटर नेमकी रेघेच्या वाटेत उभी होती. फुटपाथला चिकटून, मधल्या स्टँडवर, ऐटीत.

मिस्त्रीनं ती लांबूनच ओळखली. "तेवढं सोडा, ताई. गाडीच्या अलीकडे थांबायचं, पलीकडून परत सुरू करायचं. आपल्यात असंच करतात."

आपल्यात असंच करतात, म्हणून तर अख्ख्या शहरातल्या पिवळ्या रेघा दात पडल्यासारख्या दिसायच्या. पिवळी रेघ म्हणजे तिथं गाडी लावायची नाही. रेघ नाही, तिथं दंड नाही. मग ज्याच्या गाडीमुळे फट राहिली, त्याचीच गाडी त्या फटीत पुढची कित्येक वर्षं आरामात. शाळेच्या फाटकासमोरची फट गणिताच्या सरांची होती. त्यांच्या स्कूटरआडून रस्ता ओलांडताना पहिली-दुसरीतल्या पोरांना येणारी वाहनं दिसायचीच नाहीत.

ताईनं, म्हणजे भिंगरीच्या आईनं, ब्रश खाली ठेवला नाही. सहा वर्षं तिनं नगरपालिकेच्या या रेघा मारणाऱ्या टोळीत नुसता रंग ढवळला होता. मिस्त्री महिनाअखेर निवृत्त होणार, म्हणून आज पहिल्यांदा ब्रश तिच्या हातात आला होता. शाळेची घंटा व्हायच्या आत नगरपालिकेचे साहेब रेघ बघायला येणार होते. पसंत पडली तर ब्रश तिचा. नाहीतर उद्यापासून पुन्हा बादली.

"भिंगरे!" फाटकाशी मैत्रिणींच्या घोळक्यात उभ्या असलेल्या लेकीला तिनं हाक मारली. "तुझ्या सरांना सांग, गाडी जरा हलवा म्हणावं. त्यांना विचारल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही."

भिंगरी पळत गेली आणि पळतच परत आली. "सर म्हणतात, वह्या तपासतोय. तेवढं सोडून द्या, दर वेळी सोडतात."

"घ्या," मिस्त्री हसला. "मी वेगळं काय सांगत होतो?"

आईनं खोक्याचा पुठ्ठा फाडून रस्त्यावर पसरला. बाह्या वर सरकवल्या. मोठा ब्रश ठेवून बोटभर रुंदीचा घेतला आणि सरळ पालथी पडून, गाल पुठ्ठ्याला टेकवून, हात खांद्यापर्यंत स्कूटरखाली घातला.

"ए, ती बघ!" एक मैत्रीण म्हणाली. "ती रस्त्यात झोपलीय ती कोण गं?"

"माझी आई," भिंगरी म्हणाली. जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली. "आणि झोपलेली नाहीये. ड्यूटीवर आहे."

दप्तर मैत्रिणीच्या गळ्यात टाकून ती गुडघ्यांवर बसली आणि आखणीच्या दोरीचं मोकळं टोक तिनं घट्ट धरलं.

तेवढ्यात सर आले. पळतच आले, हातात लाल पेन तसंच. शिक्षकखोलीच्या खिडकीतून त्यांना आपल्या स्कूटरशेजारी रस्त्यावर पसरलेले दोन पाय दिसले होते.

"ओ बाई! काय चाललंय माझ्या गाडीखाली?"

"रेघ," खालून आवाज आला.

"अहो, सोडून द्या म्हटलं होतं ना? चार फुटांनी काय आभाळ कोसळतंय?"

आईचा हात थांबला नाही. बोलली ती भिंगरी. "सर, परवा माझी रेघ दोन मिलिमीटर तुटली होती. तुम्ही अर्धा मार्क कापलात."

मैत्रिणी फिस्सकन हसल्या.  सर वाकले आणि त्यांनी खाली पाहिलं. रेघ स्कूटरखाली शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर आली होती, पट्टीनं मारल्यासारखी. कोरड्या राहिल्या होत्या फक्त तीन जागा: स्टँडचे दोन पाय टेकले होते तिथं आणि पुढचं चाक टेकलं होतं तिथं.

सर बराच वेळ वाकूनच होते. उठले तेव्हा लाल पेन त्यांनी खिशात घातलं.

"मिस्त्री, मागून धरता का जरा?"

"ढकलू नका हं, ओलं आहे," आई पुठ्ठ्यावर उठून बसली. "सरळ वर उचला. वर! अजून! आता रस्त्याच्या बाजूला घ्या. सर, बुटाकडे लक्ष द्या."

आई हुकूम सोडत होती आणि गणिताचे सर ऐकत होते. भिंगरीनं हे दृश्य डोळे भरून पाहून घेतलं.

तीन जागा आईनं भरल्या. ब्रशचं टोक असं फिरवलं की जुना रंग कुठं संपला आणि नवा कुठं लागला, ते तिचं तिलाच माहीत. सर स्कूटर ढकलत मागच्या आवारात लावून आले आणि वह्या तपासायच्या सोडून फाटकाशी उभे राहिले. "रेघेवर पाय नको! ए बुटक्या, उडी मारून ये!"

साहेब आले. रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, तसेच परत आले.  मिस्त्रीला राहवेना.

"साहेब, मध्ये गाडी उभी होती बरं का. गाडी असतानाच मारलीय बाईंनी."

"गाडी? कुठं होती?"

मिस्त्री दाखवायला पुढं झाला आणि घुटमळला.

"शोधा की," आई म्हणाली.

साहेब चष्मा सावरत वाकले. त्यांच्या शेजारी सर वाकले. मग स्वतःच्या हातानं स्कूटर उचलणारा मिस्त्रीही वाकला. घंटा झाली, तरी भिंगरी जागची हलली नाही.

आईनं डबीतल्या थिनरमध्ये ब्रश सावकाश धुतला, फडक्याला पुसला, आणि मिस्त्रीच्या पेटीत नाही, आपल्या पिशवीत ठेवला.