भिंतीपलीकडे गेलेली तार

हिंगणघाटची बंद पडलेली गिरणी पुन्हा सुरू होत होती. वायरमन कुंदा तडस हिला आता तारा ओढाव्या लागत नसत. नव्या तारा वेलीसारख्या आपोआप वाढत आणि जिथे विजेची गरज असेल तिकडे वळत. त्यांना वळण लावायचं आणि भलतीकडे गेलेली तार छाटायची, हे कुंदाचं काम.

त्या सकाळी एक तार कुंपणाच्या भिंतीतून पलीकडे गेलेली दिसली.

"छाटून टाका," मॅनेजर देवतळे म्हणाले.

कुंदा आधी तारेच्या मागे गेली. तार पाडायला काढलेल्या चाळीत शिरली होती. तिथली वीज महिन्यापूर्वीच तोडलेली. एका खोलीत गिरणीचे जुने कामगार शामराव उरकुडे खाटेवर पडले होते. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र चालू होतं आणि तार त्याच्या बॅटरीला जाऊन भिडली होती.

"काल बॅटरी संपत आली होती," ते म्हणाले. "सकाळी पाहतो तं भरलेली. तोडाले आली काय, माय?"

"नाही काका. उघडी तार आहे, शॉक बसेल. नीट करून देते."

तिने भिंतीवर बोर्ड ठोकला, फ्यूज बसवला, अर्थिंग दिलं. मग देवतळ्यांना फोन लावला.

"साहेब, तार छाटली नाही. इथे मीटर लागेल."

"कोणाच्या परवानगीने?"

"माझ्या. ही तुटली तर ऑक्सिजनचं यंत्र बंद पडून माणूस जाईल. तोडायचीच असेल तर तुम्ही येऊन तोडा."

मग देवतळ्यांनी विचारलं, "मीटर सिंगल फेजचं चालेल ना?"