विहीर थांबवताना

"बंद केली तर ती पुन्हा चालू होणार नाही," दादा म्हणाला. त्याचा हात व्हॉल्व्हच्या चाकावर होता. फिरवण्यासाठी नव्हे, कुणी फिरवू नये म्हणून.

धाकटी बहीण मांडीवर लॅपटॉप घेऊन लोखंडी पायरीवर बसली होती. जमिनीखाली गॅस किती उरला आहे याचं मॉडेल ती करायची. हेड ऑफिसात तिला मॅडम म्हणत. इथे, जिथे दादा आयुष्यभर गॅसची ही एकच विहीर सांभाळत आला होता, ती अजून ठमीच होती.

"तुझं मॉडेल काय म्हणतं?"

"तीन ते अकरा वर्षं."

"शाळेत असं उत्तर दिलं असतंस तर बाबांनी घरात घेतलं नसतं."

ती हसली, पण हसू अर्ध्यावरच थकलं. "काचेच्या कारखान्याला या गॅसवर नवी भट्टी बांधायची आहे, दादा. एकदा पेटवली की दहा वर्षं विझवता येत नाही. तीन ते अकरावर कोण भट्टी बांधेल? मला खरा दाब हवा. आणि वाहत्या विहिरीचा दाब खरा नसतो. धावत्या माणसाची नाडी बघून काय कळणार?"

"जिवंत आहे एवढं कळतं की."

त्याचंही खोटं नव्हतं. जुन्या विहिरीच्या तळाशी पाणी साचत जातं. वाहता गॅस ते ढकलत वर आणत राहतो. गॅस थांबला की पाणी त्याच्या उरावर बसतं. पुरेसा दाब उरला असेल तर विहीर ते झुगारून पुन्हा उठते. नसेल तर नाही. आणि दाब किती उरलाय हे थांबवल्याशिवाय कळत नाही.

विहीर गेली की ही जागा बंद होणार होती, कंपनीचं घर जाणार होतं, आणि दादाच्या पेन्शनला अजून चार वर्षं बाकी होती. दोघांनाही ते ठाऊक होतं, म्हणून त्यावर कुणी बोललं नाही.

"हेड ऑफिसातून आलेल्या आधीच्या दोघांना मी चहा पाजून वाटेला लावलं," दादा म्हणाला. "म्हणून मुद्दाम तुला पाठवली. हुशार आहेत."

"त्यांनी नाही पाठवलं. मीच मागून घेतलं. यापुढे जो आला असता, त्याने तुला विचारलंही नसतं."

दादा चाकावरचा गंज अंगठ्याने खरवडत राहिला.

त्याचा फोन वाजला. वहिनीचा आवाज पायरीपर्यंत ऐकू आला. "भावाबहिणीचं झालं असेल तर जेवायला या. की माझ्या सवतीपाशीच बसणार आहात?"

"बंद करतोय तिला," दादा म्हणाला.

पलीकडे भांड्यांची खणखण थांबली. मग वहिनी म्हणाली, "बरं. ताटं झाकून ठेवते."

फोन खिशात टाकून त्याने चाक दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवायला लागला. शेवटच्या फेऱ्याला जोर लावावा लागला. पाइपातली सूं सूं बारीक होत गेली आणि थांबली. हातांचं आता काय करावं हे त्याला सुचेना. त्याने ते पँटला पुसले आणि बहिणीशेजारी येऊन बसला.

"आता?"

"आता दाबाचा काटा चढत राहायला हवा. संध्याकाळपर्यंत साठाच्या वर गेला तर भट्टीचं भागलं. तुझंही."

"आणि नाही गेला तर?"

"तर तिच्यात उठायचं बळ नाही."

"बघ बाई तूच. मला काही तो काटा बघवत नाही." त्याने खांबाला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याचं तोंड किंचित उघडं पडलं. इतकी वर्षं त्या आवाजावर एक कान ठेवून तो झोपत आला होता. आता ऐकण्यासारखं काही नव्हतं.

दर मिनिटाला स्क्रीनवर एक ठिपका पडत होता. वीस. सव्वीस. एकतीस. ठिपक्यांची रेघ छान वर चालली होती. चौतीस. मग पुन्हा चौतीस.

तिने गेजकडून लॅपटॉपला आलेली वायर काढून परत बसवली. उठून विहिरीच्या तोंडाशी गेली, गेजच्या काचेवर नखाने टकटक केलं. काटा थरथरला आणि होता तिथेच आला. ती परत येऊन बसली. खांबाची सावली दादाच्या बुटांवरून सरकून मातीत गेली, तरी चौतीसच.

उत्तर आलं होतं. आता त्यात तीन ते अकरा असं काही नव्हतं.

दादाने कूस बदलावी तसं खांबावरचं डोकं जरा हलवलं. डोळे मिटलेलेच होते.

"ठमे, चढतोय का?"

तिने काट्याकडे पाहिलं.

"चढतोय. तू झोप."

त्याने मान हलवली. स्क्रीनवर नवा ठिपका पडला, आधीच्या ठिपक्याला लागून, त्याच उंचीवर.