मुळावर

ही सोयरिक जमली असती तर सगळ्यात मोठा फायदा उषाबाईंचा होता. पोरीला नवरा मिळाला असता, रामप्रसादांना जावई. पण उषाबाईंना दुसऱ्यांच्या लग्नात पहिल्या पंगतीला ताठ बसता आलं असतं. "अर्पिताचं कुठवर आलं?" या एका प्रश्नापायी गेली काही वर्षं त्या शेवटच्या पंगतीला जेवत होत्या, आणि तोवर वरण पातळ झालेलं असे.

म्हणून आज अंकुशनगरचे पाहुणे कुंभार पिंपळगावात उतरले तेव्हा गुडघे ठणकत असूनही त्यांनी नाश्त्याला भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, फोडणीचा सुशीला केला. मुलगा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होता. त्याचे वडील बद्रीनाथ आवाजाचे मोठे. उंबऱ्यातच त्यांनी उषाबाईंना "इहीणबाई" म्हणून टाकलं. तो शब्द बाईंना इतका गोड लागला की चहात साखर घालायची राहून गेली. कारखान्याच्या माणसांना बिनसाखरेचा चहा! त्या ट्रे घेऊन अर्ध्या वाटेतून परत आत वळल्या.

साखर ढवळता ढवळता त्यांनी बाहेरच्या खोलीतून अर्पिताचा आवाज ऐकला. पाहुण्यांपुढं हो-नाहीच्या पलीकडं न जाणारी पोरगी आज बोलत सुटली होती.

"एक आणि ती संख्या सोडून दुसऱ्या कशानंच जिला भाग जात नाही, ती. सुरुवातीला जवळजवळ असतात. दोन, तीन, पाच, सात. पुढं पुढं विरळ होत जातात. पण संपत मात्र नाहीत."

स्थळांचंही तसंच, उषाबाईंच्या मनात आलं. विशीत महिन्याला एक, पंचविशीनंतर दिवाळी-पाडव्याला, आणि आता एकतिसाव्या वर्षी हे. फक्त 'संपत नाहीत' असं छातीठोकपणे सांगणारं कोणी त्यांना अजून भेटलं नव्हतं.

"आन् म्हणतात काय त्यांना?" बद्रीनाथांनी विचारलं.

"मूळ संख्या. त्यांच्यावरच माझी पीएच.डी. चालू आहे."

बाहेर सुशील्याची बशी आपटली. उषाबाई ट्रे घेऊन धावल्या, तर बद्रीनाथ उठून उभे.

"मूळ? पोरगी मूळ नक्षत्राची हाय?"

मूळ नक्षत्राची सून सासऱ्याच्या मुळावर येते हे त्यांना लहानपणापासून पाठ होतं, आणि या खोलीत सासरा होऊ घातलेले ते एकटेच होते.

"आकडे, पाहुणे, आकडे!" रामप्रसाद हसत म्हणाले. "नक्षत्राचं काही न्हाई. आमची रोहिणीची हाय." त्यांनी पत्रिका काढून पुढं केली. बद्रीनाथांनी ती दोनदा वाचली आणि बसले, पण खुर्चीच्या कडेलाच.

"आकडे असतील. शब्द तर तोच ना? सून घरात सकाळ-संध्याकाळ मूळ-मूळ करून राह्यली तर ऐकणारा कोण? मीच! बेटा, दुसरं काही धर. सम घे, विषम घे. आकड्यांना काय तोटा हाय?"

"धरंल ना," रामप्रसाद म्हणाले. "बिलकुल धरंल."

"दोन वर्षं झाली, पप्पा," अर्पिता म्हणाली. ते कोणी ऐकलं नाही.

"बाबा, पण त्यांचं..." मुलानं तोंड उघडलं. बद्रीनाथांनी त्याच्याकडं न बघताच हात वर केला.

उषाबाईंना नुसती मान हलवायची होती. एवढ्यावर सगळं बराबर जमत होतं. त्यांनी पोरीकडं पाहिलं. जालन्याच्या कॉलेजात तास घेऊन शेवटच्या एसटीनं उतरायची तेव्हा असायचे तसे तिचे खांदे पडले होते. बाई स्वतःही फार दमल्या होत्या. दमलेल्या माणसाला लांबचा रस्ता झेपत नाही; त्यांनी जवळचा धरला.

"खोटं कशाला बोलू? पोरगी मुळावरच जन्मली. रोहिणी आम्ही मागून लिहून घेतली."

रामप्रसादांनी आ वासला, तो तसाच राहिला. बद्रीनाथ चपला शोधू लागले.

"बरं केलं सांगितलं, ताई," ते म्हणाले. इहीणबाईची ताई व्हायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. मुलगा दारात जरा रेंगाळला, अर्पिताकडं बघून काही म्हणणार तोच बाहेर बापानं हॉर्न वाजवला. गेला तोही.

"येडी झाली का तू?" रामप्रसाद ओरडले. "उद्या अख्ख्या तालुक्यात बोभाटा होईल!"

"होऊ द्या." उषाबाई गुडघे धरून खाली बसल्या. पोरगी आता हसेल, जवळ येऊन बसेल, असं त्यांना वाटलं.

अर्पिता कपबशा गोळा करत होती.

"तू साखर घालायला आत गेल्तीस ना," ती म्हणाली, "तेव्हा त्यानं हळूच विचारलं मला. पुढची मूळ संख्या कुठं येईल ते आधी कळतं का म्हणून. आजवर कोणीच विचारलं नव्हतं, आई."

"मंग? काय सांगितलं?" उषाबाईंनी विचारलं.

"नेमका नियम अजून कोणाला सापडला नाही म्हटलं. तर म्हणाला, मग तुम्हीच शोधा की."

बद्रीनाथांचं आयुष्य वाढलं. उषाबाईंना एकदा तरी ठणकावून बोलायला मिळालं. खोट्या पत्रिकेचा बोल रामप्रसादांच्या नावावर लागला; गाव तो वर्षभरात विसरेल. मुलाचं काय, कारखान्यातल्या नोकरीला स्थळं विरळ होत नसतात. बाकीचं सगळं नुकसान अर्पितानं भरलं, मोरीत बशा विसळता विसळता.