वायरींची कविता

मिनल कविता म्हणून खाली बसली आणि टाळ्या पडल्या, तेव्हा त्या आपल्यालाच पडल्या असं विजयश्री मॅडमना वाटलं. तसं वाटणं फारसं चुकीचंही नव्हतं. सातवीतल्या मिनलच्या वहीतली कविता वेगळीच होती. मंचावर म्हटली गेली ती मॅडमनी रविवारी घरी बसून घडवलेली.

निघोज्याच्या त्या शाळेत मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम होता. निगडीहून आलेले पाहुणे सोपानराव, निवृत्त शिक्षक आणि हौशी कवी, भलतेच खूश होते. पोरीनं यमक कसं सांभाळलंय बघा, असं त्यांनी माइकवरून दोनदा सांगितलं. मुख्याध्यापकांनी वळून मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी, छे हो, सगळं मुलीचंच, अशा अर्थी हात हलवला.

दोन महिने दर शनिवारी मॅडम मुलांना कविता वाचायला आणि लिहायला शिकवत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, जे डोळ्यांना दिसतं तेच लिहा. मुलं बिचारी सांगितलेलं ऐकणारी. मिनलनं आईवर लिहिलं, तेही आई दिसते तसं:

लाल वायर लालमध्ये, काळी काळीमध्ये,
आईच्या बोटांना रंग पाठ आहेत.
घरी आली की बोटं भाकरी थापतात
आणि आई उभ्या उभ्या झोपते.

वाचताना मॅडमच्या अंगावर काटा आला होता, हे खरं. पण मग पाहुणे आठवले. यमकाचा पत्ता नाही, आणि आईवरच्या कवितेत वायरी कसल्या, लोक काय म्हणतील? झालं, लाल पेन चाललं. 'आई माझी मायेची सावली, दमली तरी हसते माउली' अशा सोळा ओळी तयार झाल्या. मिनल "बरं मॅडम" म्हणाली आणि दोन दिवसांत पाठ करून आली. आपल्या कवितेसाठी भांडायचं असतं, हे काही मॅडमनी शनिवारी शिकवलं नव्हतं.

कार्यक्रम संपला. मुख्याध्यापक पाहुण्यांना चहाला शेजारच्या खोलीत घेऊन गेले आणि हॉल रिकामा झाला. शेवटच्या रांगेत एक बाई तेवढी बसून राहिली होती. साडीवर कंपनीचा निळा कोट, मांडीवर डबा. ती मिनलची आई, कस्तुरा. गाड्यांच्या वायरी जोडायच्या कंपनीत ती कामाला होती, आणि दुपारच्या शिफ्टची बस गाठायची म्हणून तयार होऊनच आली होती. मॅडम हसत तिच्याकडे गेल्या. कौतुक ऐकून घ्यायची त्यांची पूर्ण तयारी होती.

कौतुक झालंही. पोरगी एकदाही अडली नाही, पुस्तकातली एवढी मोठी कविता घडाघडा म्हणाली, याचं कस्तुराला फार अप्रूप वाटलं होतं. मिनलचं नाव पुकारताना 'स्वरचित कविता' असं सांगितलं होतं, पण त्या शब्दाशी तिचा कधी संबंध आला नव्हता. मग जरा संकोचून तिनं विचारलं, "मॅडम, अन् तिची स्वताची कधी हाय? माझी बस अडीचला हाय."

मॅडमना आधी कळलंच नाही.

"ती वायरीची हो. माझ्यावर केलेली," कस्तुरा म्हणाली. "मला वाचता येत नाई, पण हिनं म्हणून म्हणून पाठ झाली. आमच्या लाइनीवरच्या बाया बी काम करता करता तीच म्हणतेत. आज समद्यांनी सांगितलंय, पोरीनं कशी म्हणली ते येऊन सांग."

विजयश्री मॅडमचे कान तापले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मिनल जवळ येऊन उभी राहिली होती. तिनं मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग आईच्या कोटाचं उघडं राहिलेलं बटण लावलं.

"आज वेळ संपला गं आई," ती म्हणाली. "माझी राहिली."

बारा वर्षांच्या पोरीनं आपल्याला पाठीशी घालावं, याची मॅडमना इतकी लाज वाटली की तिथून पळून जावंसं वाटलं. त्याहून लाजिरवाणी गोष्ट त्यांनी पुढच्याच क्षणी केली. त्यांनी मान डोलावली. पाहुण्यांना लवकर निघायचं होतं ना, असंही म्हणाल्या. शेजारच्या खोलीत पाहुणे अजून मोठ्यानं हसत होते.

कस्तुराचा चेहरा उतरला, पण तिनं सावरून घेतलं. एवढी लेकरं, तुम्ही तरी कुणाकुणाची घेणार, अशी उलट तीच मॅडमची समजूत घालू लागली. मग घड्याळाकडे बघून लगबगीनं निघाली आणि दारापाशी थांबली.

"पण मॅडम, तुम्ही तर वाचली असंल ना?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "वाचली."

"मग झालं," कस्तुरा म्हणाली, आणि चपला घालून उन्हात निघून गेली.