राहून गेलेला राग

"कपड्यांची पिशवी घरीच राहिली," वेसेल म्हणाला.

पोहण्याच्या तलावाच्या दारात मारिटने नवऱ्याच्या सायकलीच्या पुढच्या लाकडी पेटीत पाहिलं. त्यांची सहा वर्षांची लेक फेना बसली होती, हातात पोहण्याचा चष्मा घेऊन. बाकी पेटी रिकामी. परीक्षेला वीस मिनिटं होती आणि घर पंचवीस मिनिटांवर. पोहण्याची पहिली परीक्षा अंगात कपडे आणि पायात बूट घालूनच द्यावी लागते. गावभर कालवे, आणि कालव्यात पडणारं मूल काही पोहण्याच्या पोशाखात पडत नाही.

"मी काल तीनदा सांगितलं. सकाळी दुकानातून फोन करून सांगितलं. पिशवी दाराच्या कडीला अडकवली होती मी, वेसेल. दार उघडायला तुला ती हाताने बाजूला करावी लागली असेल."

"केली," वेसेल म्हणाला.

मारिट थांबली. पुढचं तिला पाठ होतं. आता हा मटकन खाली बसणार, कपाळ बडवून घेणार, मी कुणाच्याच कामाचा नाही म्हणून रडणार. मग तिने त्याची पाठ चोळायची, असू दे म्हणायचं आणि दोन दिवस घरात पाय न वाजवता वावरायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली, असंच चाललं होतं. वेसेलच्या अडतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, आहे असं सांगितलं. त्याने नाव कळलं, एवढंच. गोळ्यांनी त्याची छाती धडधडायची, झोप उडायची, त्या सुटल्या.

पण वेसेल खाली बसला नाही. "आत विचारून बघतो," म्हणाला आणि फेनाचा हात धरून निघालासुद्धा.

मारिट धुमसत मागोमाग गेली. म्हणजे आता याला वाईटही वाटेनासं झालं. हे सगळं त्या बुरशीचं. गेले सहा आठवडे वेसेल दर तिसऱ्या सकाळी ट्रफलचा वाटाण्याएवढा तुकडा तोंड वाकडं करून चावायचा. भ्रम पाडणारी बुरशी ती. गावात उघड विकत मिळते. एवढ्याशा तुकड्याने भिंती हलत नाहीत की रंग दिसत नाहीत, नुसतं मन थाऱ्यावर राहतं, असं त्याचं म्हणणं. मारिट स्वतः औषधांच्या दुकानात कामाला. तिचं म्हणणं एकच होतं: किल्ल्या अजून हरवतात, दूध अजून उतू जातं, मग ही बुरशी नेमकं करते तरी काय? उलट तिचीच चिडचिड वाढली होती. पूर्वी तू कधी आवाज चढवायची नाहीस, असं दुकानातल्या बायकाही म्हणायला लागल्या होत्या.

आत शिक्षिकेने विसरलेल्या कपड्यांचा खोका पुढे केला. फेनाला कुणाचा तरी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट मिळाला, कमरेला सुतळी बांधून बसवलेली चड्डी मिळाली आणि दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट. बाकीच्या मुली नव्या कोऱ्या कपड्यांत, त्यांचे आजी-आजोबा फुलांचे गुच्छ घेऊन बाकावर. फेनाने उडी मारली. परीक्षेसाठी पाण्याखाली सोडलेल्या कापडाच्या भोकातून पलीकडे निघाली. पास झाली. मारिटने टाळ्या वाजवल्या, पण दात आवळून.

फेना अंघोळीला गेल्यावर दोघं बाहेर सायकलींपाशी येऊन थांबले.

"निभावलं की," वेसेल म्हणाला. "छान पोहली."

"निभावलं? सगळ्यांसमोर माझी पोर बुजगावण्यासारखी उभी होती, आणि तू हसत होतास. लाज तरी वाटते का तुला?"

"वाटते."

"दिसत नाही ती."

"वाटते, मारिट. फक्त आता लाज वाटली तरी उभं राहता येतं."

"वा. तुझं बरं झालं." मारिटचा आवाज चढला. सायकल काढणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं. "माझे बाबा त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात दोन तास बसून होते."

तिच्या तोंडून निघून गेलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना हॉस्पिटलातून घरी आणायचं काम वेसेलकडे होतं. तो विसरला. म्हातारा माणूस कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून चाकांच्या खुर्चीत वाट बघत बसला. त्या संध्याकाळी वेसेल न्हाणीघराच्या फरशीवर बसून इतका रडला, की मारिटला त्यालाच कुशीत घ्यावं लागलं. पुढे दीड महिन्यात बाबा गेले. तो विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही.

वेसेलचा चेहरा पांढरा पडला होता. डोळे भरले होते. मारिटने सवयीने त्याची पाठ चोळायला हात पुढे केला. तो कोसळेल म्हणून ती वाट बघत राहिली.

"दोन तास वीस मिनिटं," वेसेल म्हणाला. "अजून बोल."

बुरशीमुळे की आणखी कशामुळे, कोण जाणे. तो उभा होता. मारिटने हात मागे घेतला आणि बोलायला लागली. जावई येतोच आहे, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला सांगत होते, ते तिने सांगितलं. बाबांचे हात किती गार पडले होते, ते सांगितलं. त्या रात्री आपल्यालाही रडायचं होतं, पण जागाच उरली नव्हती, हेही सांगितलं. वेसेल मान खाली न घालता ऐकत राहिला.

फेना ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, मारिटचं पुरतं रागावून झालं होतं.