नदी मोजणाऱ्याचं पुस्तक

ड्रायव्हरकाका बोलायला उभे राहिले, तशा सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. बेकरीवाल्याने तर डोळेच मिटून घेतले. काकांचं पुस्तक तो नेहमी असंच ऐकायचा, कोवळ्या उन्हात बसल्यासारखा.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी ही मंडळी जमायची. कथा-कादंबऱ्यांना तिथे मज्जाव. जे खरंच घडलं, कुणीतरी खरंच पाहिलं किंवा मोजलं, त्याचीच पुस्तकं एकमेकांना सुचवायची. तीही स्वतः पूर्ण वाचलेली. अर्धवट वाचून बोलणाऱ्याची पाळी सहा महिने बंद. हा नियम काकांनीच घालून दिला होता. तीस वर्षं बस चालवून ते निवृत्त झाले, मग काकू गेल्या, आणि आठवड्यात उरला तो हा रविवार. सोमवारपासूनच ते पुढचं बोलणं मनात घोळवायला लागायचे.

आज मात्र गोष्ट वेगळी होती. अर्ध्या तासापूर्वी ग्रंथपाल बाईंनी त्यांना बाजूला घेऊन एक यादी दाखवली होती. तीन वर्षांत कुणी घरी न नेलेली पुस्तकं रद्दीत जाणार होती. त्या यादीत काकांचं सगळ्यात लाडकं पुस्तक होतं. एका नदीचं पाणी चाळीस वर्षं रोज मोजणाऱ्या कारकुनाचं. नेमकं तेच ते आज सांगणार होते.

“अहो, मी नेलंय की पाच वेळा!”

“एकट्यानेच नेलेलं कमिटी धरत नाही, काका. आज दुसऱ्या कुणीतरी न्यायला हवं. रद्दीची गाडी उद्या सकाळी येतेय.”

“मग काळजी कसली? असं रंगवून सांगतो, की...”

“तेच तर,” बाई चाचरल्या. “रागावू नका. यादीतली चौदा पुस्तकं तुम्हीच सांगितलेली आहेत. तुम्ही इतकं छान सांगता, की घरी जाऊन वाचायला काही उरतच नाही.”

काकांना हे मुळीच पटलं नव्हतं, पण रजिस्टर समोर उघडं होतं. वर कहर म्हणजे, सगळ्यात जास्त खपायची ती दातांच्या डॉक्टरांनी सुचवलेली पुस्तकं. डॉक्टर बोलायला उभे राहिले की निव्वळ करमणूक. ततपप करायचे, एका देशातला माणूस दुसऱ्या देशात नेऊन ठेवायचे, ऐन रंगात आलं की चष्मा शोधायला लागायचे आणि पुढचं नीटसं आठवत नाही म्हणून खाली बसायचे. लोक पोट धरून हसायचे. मग नक्की काय झालं ते बघायला पुस्तक घरी न्यायचे.

काकांनी सांगायला सुरुवात केली. कारकून रोज पहाटे पट्टी घेऊन नदीवर जायचा. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही गेला. खोलीत कुणी हलेना. कमी सांगायचं असं काकांनी हजारदा ठरवलं होतं, पण जीभ ऐकेल तर शपथ. बघता बघता ते महापुरापर्यंत येऊन पोचले.

“चाळीस वर्षांच्या वह्या डोक्यावर घेऊन तो छपरावर चढला. पाणी चढतच होतं. तेवढ्यात एक होडी आली. होडीवाला ओरडला, एक तर तू ये, नाहीतर तुझ्या वह्या दे. दोन्ही मावायचं नाही.”

काका थांबले.

“मग?” शिवणकाम करणाऱ्या मावशींनी विचारलं.

“मग... आठवत नाही.”

बेकरीवाला डोळे उघडून हसला. “तुम्हाला आणि आठवत नाही? प्रवाशांची नावं अजून थांब्यांसकट सांगता! पुरे झाली थट्टा.”

काकांनी हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. शेवटची चार पानं त्यांना तोंडपाठ होती. ती सांगताना खोलीतल्या सगळ्यांचे डोळे भरून आले असते, हेही त्यांना ठाऊक होतं.

“पुढे मी वाचलेलंच नाही,” ते म्हणाले.

ग्रंथपाल बाई रजिस्टरात मान घालून बसल्या.

“अहो काका, नियम तुमचाच ना?” बेकरीवाल्याच्या आवाजात राग नव्हता, खंत होती. “सहा महिने पाळी नाही मग.”

“बरोबर आहे,” काका म्हणाले आणि खाली बसले.

“काय बाई माणूस! छपरावर सोडून दिलात त्याला,” असं पुटपुटत मावशी उठल्या. त्यांनी काकांच्या हातातून पुस्तक जवळजवळ ओढूनच घेतलं आणि रजिस्टरात सही ठोकली. बेकरीवाल्याने त्यांच्यामागे नंबर लावला.

मंडळी पांगली. काका खुर्च्या भिंतीला लावत राहिले. पुस्तक रद्दीतून वाचलं याचा आनंद होता, पण तो काही केल्या वर येईना. सव्वीस रविवार नुसतं ऐकत बसायचं. आणि ज्यांच्यापुढे एवढी वर्षं ताठ मानेनं बोललो, त्यांच्या लेखी आता आपण न वाचता बोलणारे. त्यांना फार एकटं वाटलं.

खुर्चीचं दुसरं टोक कुणीतरी उचललं. दातांचे डॉक्टर होते. दोघांनी मिळून सगळ्या खुर्च्या लावल्या. मग डॉक्टरांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि ते अजिबात न अडखळता म्हणाले, “पहिल्यांदा फार जड जातं, काका. पुढे पुढे लोक हसले तरी काही वाटत नाही.”